अस्सल शीड आणि स्वस्त शीड
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. शाळामास्तराने अभ्यासावर बोलावे, शिस्तीवर बोलावे. हा शिडांवर काय बोलणार? पण हा विषय मी निवडलेला नाही, एका विद्यार्थ्याने तो माझ्या गळ्यात घातला. एकदा आठवीच्या वर्गात २०२३ सालच्या हांगझोऊ आशियाई क्रीडास्पर्धांची गोष्ट निघाली. तेथे शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत विष्णू सरवणन यांनी कांस्यपदक आणि नेहा ठाकूर या मुलीने रौप्यपदक मिळवले, असे मी सांगत होतो. दोघांच्याही होड्या एकाच जातीच्या, शीड मात्र तिचे लहान आणि त्यांचे मोठे. तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. त्याचा मामा परदेशी नोकरीला आहे. तो म्हणाला, "सर, मामा सांगतो की या होडीचे डुप्लिकेट शीड निम्म्या किमतीत मिळते. माप तेच, आकार तोच. मग शर्यतीत ते का चालत नाही? गरिबाने काय करायचे?"

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. त्यानंतर मी वाचले, जाणकारांना विचारले आणि माझ्या लक्षात आले की त्या मुलाने केवळ शिडाबद्दल विचारले नव्हते. नियम सर्वांना सारखा असला, पण तो पाळण्याचा खर्च सर्वांना सारखा झेपत नसला, तर न्याय कशाला म्हणायचे, असा तो प्रश्न होता. आज त्याचे उत्तर आपणा सर्वांच्या समक्ष देण्याचा माझा प्रयत्न आहे.

प्रथम होडीविषयी सांगतो. आपण किनाऱ्यावरची माणसे आहोत. आपल्यापैकी अनेकांच्या वाडवडिलांनी मचवे आणि गलबते हाकली आहेत. त्या काळी प्रत्येक मचव्याचे शीड निराळे असे. तांडेलाच्या मनाप्रमाणे आणि मालकाच्या ऐपतीप्रमाणे ते शिवले जाई. त्यात काही गैर नव्हते, कारण मचव्याला माल पोचवायचा होता, पैज जिंकायची नव्हती. परंतु शर्यत लावायची म्हटली की पंचाईत होते. दोन होड्या निराळ्या असतील, तर जिंकले कोण? माणूस की होडी? आणि होडी जिंकणार असेल, तर ज्याची थैली मोठी त्याची होडी चांगली, हे ओघानेच आले.

ही अडचण विलायतेतील लोकांच्याही ध्यानात आली होती. १८८७ साली आयर्लंडमध्ये डब्लिनजवळ काही हौशी मंडळींनी 'वॉटर वॅग' नावाच्या लहान होड्यांचा एक मेळ उभा केला. त्यांचा दंडक साधा होता. सर्वांच्या होड्या एकाच नमुन्याच्या. कोणी जास्त पैसे ओतून वेगवान होडी बांधायची नाही आणि कालची होडी आज मोडीत काढायची नाही. या पद्धतीला इंग्रजीत 'वन-डिझाइन' म्हणतात. आपण तिला 'एकसाची' म्हणू, म्हणजे एकाच साच्यातून निघालेली. ध्यानात ठेवा, या कल्पनेचा जन्मच मुळी खर्चाला लगाम घालण्यासाठी झाला.

आता ज्या होडीवर माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न बेतलेला आहे, तिच्याकडे येऊ. तिचे नाव लेझर. १९६९ साली कॅनडाचे इयन ब्रूस यांनी ब्रूस कर्बी यांना फोन केला. सहलीच्या, तंबूच्या सामानाबरोबर विकता येईल आणि मोटारीच्या टपावर नेता येईल, अशी एक छोटी होडी त्यांना हवी होती. बोलता बोलता कर्बी यांनी कागदावर जी आकृती काढली, तीच पुढे लेझर झाली. तिचे शीड हान्स फोग यांनी तयार केले. १९७० साली अमेरिकेत एक हजार डॉलरहून कमी किमतीच्या होड्यांचा एक मेळावा भरला होता, त्यात ही होडी प्रथम पाण्यात उतरली. १९७१ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. आजवर अशा दोन लाखांहून अधिक होड्या जगभर बांधल्या गेल्या आहेत. १९९६ साली अटलांटा येथे ती ऑलिंपिकमध्ये आली. २००८ सालापासून, बीजिंग ऑलिंपिकपासून, स्त्रियाही तिच्या मधल्या शिडावर उतरू लागल्या. २०१९ साली नावाच्या मालकीवरून वाद झाल्यामुळे स्पर्धांमध्ये तिला आता आय.एल.सी.ए. या आद्याक्षरांनी ओळखतात. पण जुनी मंडळी अजून लेझरच म्हणतात, आपणही तसेच म्हणू.

होडी सुमारे सव्वाचार मीटर लांब. नुसत्या सांगाड्याचे वजन ५९ किलोच्या आसपास, म्हणजे एका माणसाच्या वजनाएवढे. तिच्यात एकच माणूस बसतो आणि तिला एकच शीड असते. सांगाडा एकच, पण शिडे तीन मापांची. मोठे सुमारे ७ चौरस मीटरचे, मधले पावणेसहाच्या आसपास आणि लहान ४.७ चौरस मीटरचे. हलक्या मुलाने लहान शीड लावावे, वजन वाढले की मोठे लावावे. होडी बदलावी लागत नाही. बापाच्या खिशाचा यात केवढा विचार आहे, पाहा.

या होडीचा मूळ नियम असा की सांगाडा, डोलकाठी, शीड, सुकाणू या सर्व वस्तू मान्यताप्राप्त कारखान्याच्याच असल्या पाहिजेत आणि नियमात स्पष्ट परवानगी नसेल तर त्यांत काहीही फेरफार करता येत नाही. अधिकृत शिडाच्या पुढच्या खालच्या कोपऱ्याजवळ संघटनेचे एक लहानसे बटण ठोकलेले असते. तोच त्याचा शिक्का. शिक्का असेल तर शीड शर्यतीत चालते, नसेल तर चालत नाही.

आता कोणी म्हणेल, कापडाचा एक त्रिकोण तो काय, त्याला एवढे काय जपायचे? येथेच गोम आहे. वाऱ्याने भरलेले शीड म्हणजे फुगलेली पिशवी नव्हे, तो पक्ष्याचा पंख आहे. त्याचे पोट किती खोल आणि ते पुढे की मागे, यावर होडीचा वेग ठरतो. ती वाऱ्याच्या तोंडाकडे किती चढेल, हेही त्यावरच ठरते. शिवाय लेझरच्या डोलकाठीला ताणाच्या दोऱ्या नसतात. ती वाऱ्याबरोबर वाकते, आणि शीड त्या वाकण्याच्या हिशेबाने बेतलेले असते. त्यामुळे जमिनीवर अंथरून मोजली तर दोन शिडे अगदी सारखी भरतील, पण वाऱ्यात त्यांचे पोट निराळे दिसू शकेल. शिलाईतला बोटभर फरक, कापडाच्या ताणातला किंचित फरक, आणि झाले.

दुसरी गोष्ट, शीड कायम टिकत नाही. ते टेरिलीनच्या जातीच्या कापडाचे असते, शीडवाले त्याला डेक्रॉन म्हणतात. त्याला राळेचा हात देऊन कडक केलेले असते. शीड फडफडले की राळ मोडते, उन्हाने धागा कमजोर होतो, मीठ साचून कापड झिजते. मग पोट सैल पडते आणि मागे सरकते. लेझरचे मोठे शीड पूर्वी ३.८ औंसी पातळ कापडाचे, आडव्या पट्ट्यांचे असे. ते लवकर ढिले पडे. त्यामुळे ज्यांना परवडे ते मोठ्या स्पर्धेला नवेकोरे शीड घेऊन येत आणि ज्याला परवडत नसे तो गेल्या वर्षीच्या ढिल्या शिडावर लढे. दोघांच्याही शिडावर शिक्का सारखाच. पण शर्यत सारखी होती का?

स्वस्त शिडांचा बाजार याच फटीतून उभा राहिला. मान्यता नसलेल्या काही शीडवाल्यांनी त्याच मापाची शिडे शिवून अधिकृत शिडाच्या निम्म्या किंवा त्याहूनही कमी किमतीत विकायला सुरुवात केली. येथे मला एक भेद स्पष्ट करू द्या. ज्याला आपण सरसकट 'डुप्लिकेट' म्हणतो, त्यात दोन प्रकार असतात. एक विक्रेता उघड सांगतो, "हे अधिकृत शीड नाही, यावर शिक्का नाही, सरावाला वापरा." दुसरा खोटा शिक्का ठोकून अस्सल म्हणून गळ्यात मारतो. पहिली नक्कल आहे, दुसरी बनावट आहे. पहिला व्यापार आहे, दुसरी फसवणूक आहे. सरावासाठी उघडपणे स्वस्त शीड घेणाऱ्या मुलाला चोर म्हणणे हा अन्याय होईल.

मग शर्यतीत त्याला मज्जाव का? दोन्ही बाजू ऐका.

स्वस्त शीडवाल्यांचे म्हणणे असे की कापड तेच, माप तेच, मग जास्तीचे पैसे कशाचे? निवडक कारखान्यांनाच मक्ता दिला की ते मागतील ती किंमत द्यावी लागते. गरीब मुलगा एक तर खेळ सोडतो, नाही तर ढिल्या शिडावर हरत राहतो. समानतेच्या नावाखाली हा मक्तेदारीचा खेळ आहे.

नियमवाल्यांचे म्हणणे असे की आज एका स्वस्त शीडवाल्याला आत घेतले, तर उद्या दहा येतील. मग अकरावा येईल तो स्वस्त शीड घेऊन नव्हे, वेगवान शीड घेऊन येईल. दर वर्षी नवी कापणी, नवे कापड, आणि पुन्हा थैलीची शर्यत सुरू. शिवाय अधिकृत मालाच्या विक्रीतून संघटनेला उत्पन्न मिळते, त्यावर कारखान्यांवरची देखरेख आणि स्पर्धा चालतात.

नियमवाल्यांची भीती अगदीच पोकळ नाही. याला दाखला आहे ऑप्टिमिस्ट या मुलांच्या होडीचा. १९४७ साली फ्लोरिडात क्लार्क मिल्स यांनी ती गरिबाघरच्या पोरांना परवडावी म्हणून प्लायवूडची बांधली. तिच्या शिडावर एका कारखान्याचा मक्ता नाही. मापात बसेल तर कोणत्याही शीडवाल्याचे शीड चालते. परिणाम काय झाला? साधी शिडे स्वस्त मिळतात, हे खरे. परंतु हलक्या मुलासाठी एक कापणी, वजनदार मुलासाठी दुसरी, अशी खास शर्यतीची शिडेही निघाली आणि ज्यांना पुढे जायचे असते त्यांचे पालक त्यांच्यामागे धावतात. दार उघडले म्हणून खर्च संपत नाही, तो दुसऱ्या वाटेने आत येतो.

मित्रांनो, आता तुम्हाला एक ओळखीचे उदाहरण देतो. घरी गणिताचा सराव तुम्ही कशावर करता? स्वस्तातल्या स्वस्त वहीवर, प्रसंगी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर. त्यात कमीपणा नाही, उलट शहाणपण आहे. पण बोर्डाच्या परीक्षेत तुम्ही बाजारातली वही नेऊन तिच्यावर पेपर लिहू शकता काय? कागद तसाच असेल, रेघाही तशाच असतील, तरी चालत नाही. तेथे शिक्क्याचीच उत्तरपत्रिका लागते. का? कागद बरा-वाईट म्हणून नव्हे. सर्वांचे एकसारखे आहे, हे कोणालाही तपासावे न लागता मान्य व्हावे म्हणून. शर्यतीतल्या शिडाचेही तसेच आहे. बिनशिक्क्याचे शीड वेगवान असो की मंद, ते निराळे आहे. आणि एकसाची शर्यतीत उतरणारा प्रत्येक जण शब्द देत असतो की माझे तेच तुझे.

परंतु याच उदाहरणाची दुसरी बाजू विसरू नका. ती उत्तरपत्रिका बोर्ड केंद्रावर आपल्या हातात देते. ती विकत आणायला कोणाच्या बापाला दुकानात जावे लागत नाही. ज्याने शिक्का सक्तीचा केला, त्यानेच तो पुरवण्याची जबाबदारी घेतली आहे. माझ्या मते या वादाचे मर्म येथे आहे. जो शर्यतीत उतरतो त्याने शिक्क्याचा मान राखला पाहिजे आणि जो शिक्का सक्तीचा करतो त्याने तो गरिबाच्या आवाक्यात ठेवला पाहिजे. या दोन्ही गोष्टी मिळून समानता होते. एकच पाळली तर ती अर्धवट राहते.

हे अशक्य नाही. ऑलिंपिकमध्ये लेझरच्या शर्यतीसाठी होड्या आणि शिडे आयोजकांतर्फे पुरवली जातात. तेथे श्रीमंत देशाचा आणि गरीब देशाचा खेळाडू सारख्याच नव्या शिडावर बसतो. मोठ्या शिडाबाबतही संघटनेला अखेर जागे व्हावे लागले. २०१६ च्या सुमारास ४.५ औंसी जाड कापडाचे, निराळ्या कापणीचे नवे अधिकृत शीड आले, ते अधिक टिकते. २०१९ साली या होडीला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ठेवायचे की नाही, असा प्रश्न जागतिक संघटनेपुढे आला. तेव्हा ठेवायचे तर नव्या कारखान्यांनाही वाजवी अटींवर दार उघडले पाहिजे, असे ठरले. त्यानंतर मान्यताप्राप्त कारखाने वाढले. म्हणजे नियम न मोडता, नियम बदलूनही गरिबाची बाजू लावून धरता येते. स्वस्त शीडवाल्यांच्या तक्रारीत तथ्य होते. ते चोरून शीड लावण्याने सिद्ध झाले नसते, बोलण्याने झाले.

येथे कोणी विद्यार्थी मनात म्हणेल, "पण सर, पाण्यावर बघतो कोण?" या खेळाचा खरा धडा तर येथेच आहे. क्रिकेटमध्ये पंच बोट वर करतो. शिडाच्या शर्यतीत बहुतेक वेळा जवळ पंच नसतो. कोणी दुसऱ्याच्या हक्काच्या वाटेत घुसला, तर त्याने आपण होऊन बाजूला व्हायचे, होडीच्या दोन पूर्ण गिरक्या घ्यायच्या आणि मगच पुढे जायचे, अशी शिक्षा असते. तोपर्यंत पाच-सहा होड्या पुढे निघून जातात. कोणी सांगत नाही, तरी तो घेतो. ज्या खेळात माणूस स्वतःलाच शिक्षा करतो, त्या खेळात बिनशिक्क्याचे शीड गुपचूप लावून मिळवलेला चषक कपाटात ठेवता येईल, पण त्याच्याकडे बघवणार नाही.

पालकहो, आता थोडे व्यवहाराचे. आपल्या मुलांपैकी कोणी उद्या या खेळाकडे वळले, तर घाबरू नका. हा केवळ धनिकांचा खेळ राहिलेला नाही. हैदराबादच्या हुसेनसागरावर यॉट क्लब ऑफ हैदराबादने गरीब वस्त्यांतील मुलामुलींना शिडाची होडी शिकवली आहे. आपल्या मुंबईत कुलाब्याला सैन्यदलाचे आणि नौदलाचेही शिडाच्या होड्यांचे प्रशिक्षण चालते. १९८२ च्या आशियाई स्पर्धांतील शिडाच्या शर्यती मुंबईच्याच समुद्रात झाल्या आणि त्यांत फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. समुद्र आपल्या दाराशीच आहे.

शिडाबाबत मात्र चार गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, शिकताना आणि सराव करताना स्वस्त किंवा जुने शीड बेलाशक वापरू द्या. रोजच्या फडफडीला महागडे शीड लावणे ही उधळपट्टी आहे. दुसरी, शर्यतीचे सूचनापत्रक आधी वाचा. एखाद्या क्लबच्या घरगुती शर्यतीत सर्वांच्या संमतीने कोणतेही शीड चालते असे ठरले असेल, तर ते उघडपणे लावण्यात गैर नाही. संमती नसेल तर लावू नका, आणि शंका असेल तर आदल्या दिवशी विचारा. तिसरी, एकेकट्याला अधिकृत शीड झेपत नसेल, तर आठ-दहा पालकांनी वर्गणी काढून ती सामाईक घ्यावीत, शर्यतीच्या दिवशी चिठ्ठ्या टाकून वाटावीत आणि संध्याकाळी परत कपाटात ठेवावीत. ऑलिंपिकमध्ये जे होते तेच लहान प्रमाणावर आपल्याला करता येईल. चौथी, शीड जपा. गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, घडी न घालता गुंडाळून ठेवा आणि किनाऱ्यावर उगाच फडफडत ठेवू नका. जपलेले शीड हे सर्वांत स्वस्त शीड.

आणि माझ्या त्या मागच्या बाकावरच्या मित्रा, तुला एक सांगायचे राहिले. तू विचारलेस, गरिबाने काय करायचे? सराव स्वस्त शिडावर भरपूर करायचा. शर्यतीत शिक्क्याचेच शीड लावायचे, मग ते सामाईक का असेना. आणि पुढे एक दिवस नियम करणाऱ्यांच्या सभेत तुला बसायला मिळाले, तर आजचा प्रश्न तेथे पुन्हा विचारायचा. त्या वेळी तुझे शीड स्वच्छ असेल, तर तुझे म्हणणे कोणाला टाळता येणार नाही.